दोन डोळ्यांचं जहाज

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. तुम्ही एका होडीत बसला आहात. होडी केवढी? दोन खाटा एकापुढे एक ठेवल्या तर होईल तेवढी. वर एक पांढरं शीड. खाली दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी. नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही. इंजीन नाही, हाताशी एक आखूड वल्हं आहे, बाकी सगळा भरवसा वाऱ्यावर. आता मान वळवून मागे बघा. सहा मजली इमारत तुमच्याकडे येते आहे, आणि तिचा काही आवाज येत नाही.

भीती वाटली? वाटू द्या. डोळे उघडा, मी गोष्ट सांगतो.

१

रिओ दे ला प्लाता नदीच्या काठी, सान फेर्नान्दो गावाच्या खालच्या अंगाला, शिडाच्या होड्यांचा एक लहानसा क्लब होता. तिथे मुलांना शिकवायला ओलेगारिया नावाच्या बाई होत्या. आयुष्यभर शाळेत शिकवून झालं होतं, नवरा नदीतून मोठी जहाजं नेणारा वाटाड्या होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं क्लबातली मुलं त्यांना ‘सेन्यो’ म्हणत. मुलांच्या शर्यतीत भांडण झालं की निकाल सेन्योंनी द्यायचा, अशी रीत होती.

मार्चमधल्या त्या शनिवारी नदीवर धुरकट उजेड होता. सेन्यो क्लबाच्या ओट्यावर बसून तोर्ता फ्रिता तळत होत्या. मुलं नदीवरून भुकेली परत येतात, आणि असल्या मळभाच्या दिवशी त्यांना गरम तळलेली भाकरीच लागते. तेवढ्यात लांबून भोंगा आला. एक, दोन, तीन, चार, पाच.

सेन्योंच्या हातातला झारा तसाच राहिला.

ही नदी दिसायला समुद्राएवढी, पण उथळ. मोठ्या जहाजांसाठी तिच्या तळात एक खोल वाट खोदलेली आहे, दोन्ही बाजूंना तरंगते बोये लावून आखलेली. जहाज त्या वाटेबाहेर सरकलं की गाळात रुतलंच. होडी मात्र कुठेही जाऊ शकते. म्हणून जहाज दिसलं की होडीने वाटेच्या अलीकडे थांबायचं, हा पहिला धडा. जहाजाला कोणाच्या हालचालीचा भरवसा वाटेना की ते पाच भोंगे देतं. तू काय करतो आहेस मला कळत नाही, जिवाला जप, असा त्याचा अर्थ.

भिंतीवरचा रेडिओ खरखरला. जहाजावरचा वाटाड्या बोलत होता.

“तुमच्या पोरांपैकी कोणीतरी माझ्यासमोर आलं होतं. पांढरं शीड, हिरवी होडी. मग मला दिसेनाशीच झाली. दिसेनाशी, कळतंय का? शेवटी बाजूने बाहेर निघाली. नंबर नाही वाचता आला. पोरांना आवरा हो, बाई.”

त्या दिवशी नदीत हिरव्या होड्या दोनच होत्या.

२

दोन्ही क्लबाच्या. एकीचं नाव ‘तेरो’, दुसरीचं ‘कालान्द्रिया’. दोन्ही पक्ष्यांची नावं, आणि दोन्ही होड्या एका साच्यातल्या.

तेरोचं सुकाणू तेरा वर्षांच्या लुदमिलाच्या हाती होतं, आणि तिच्या जोडीला तिचा दहा वर्षांचा भाऊ सिरो. लुदमिला सलग तीन वर्षं पहिली येत होती. कालान्द्रियाचं सुकाणू आनाईकडे. ती जवळच्या तिग्रे बेटांवरची, होडीतच वाढलेली मुलगी, क्लबात येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिच्या जोडीला अकरा वर्षांचा फाउस्तो.

शर्यत अशी होती: खोल वाट ओलांडायची, पलीकडच्या पिवळ्या बोयाला वळसा घालायचा, पुन्हा वाट ओलांडून परत. आनाई पहिली आली होती. जो पहिला येईल तो नोव्हेंबरात क्लबातर्फे नदीपार कोलोनियाच्या शर्यतीला जाणार होता. आणि ज्याच्यामुळे भोंगा वाजेल त्याला वर्षभर क्लबाची होडी मिळणार नव्हती. लुदमिलाच्या वडिलांनी दुसरी होडी घेतली असती. आनाईच्या घरी मात्र क्लबाची होडी गेली म्हणजे होडीच गेली.

मुलं काठाला लागली तेव्हा गलका झाला.

“हिनेच केलं!” लुदमिला ओरडली. “जहाजाच्या तोंडासमोरून गेली. आम्ही बोयापाशी थांबलो होतो, मी डोळ्यांनी पाहिलं.”

“काहीही काय बोलतेस?” आनाई शिडाची दोरी टाकून उभी राहिली. “आम्ही वाट ओलांडली तेव्हा जहाज पुसट ठिपका होतं. भोंगा वाजला तेव्हा मी पिवळ्या बोयाशी पोचत आले होते. फाउस्तो, सांग ना रे!”

फाउस्तोने बोटाने नाक पुसलं. तो आनाईकडे न बघता म्हणाला, “ती समोरूनच गेली. मी नको म्हणत होतो.”

आनाईने वळून त्याच्याकडे पाहिलं. आपल्याच होडीतला साथीदार!

मागून प्रोफे ब्राउलियो आला. हा मुलांचा प्रशिक्षक, म्हणून ‘प्रोफे’. वाटेजवळच्या बोयाशी मोटरबोट घेऊन पहारा करायचं काम त्याचं. “सेन्यो, वाईट वाटतं, पण आनाईच पुढे होती. मी तिथंच होतो. नजर हलवली नाही.”

बोललेल्या चौघांत तिघं एका बाजूला. सिरो तेवढा काही बोलला नाही. तो ओल्या कपड्यांत पायरीवर बसला होता, आणि झोपतानाही तो काढत नसे ती त्याची लाल टोपी आज डोक्यावर नव्हती.

ब्राउलियोने फळ्यावर खडूने लिहूनही टाकलं: ‘कालान्द्रिया बाद.’

सेन्यो म्हणाल्या, “खडू खाली ठेव, पोरा. निकाल मी देते.”

३

त्यांनी आधी ब्राउलियोलाच धरलं. भांडाराच्या मागे नेलं आणि म्हणाल्या, “एक माते पाज मला. डोकं चालत नाहीये.”

त्याने त्या कडू पानांच्या चहाचा वाटगा पुढे केला, नळी ठीक केली, थर्मास कलंडला. दोन थेंब पडले.

सेन्योंनी वाटग्यात डोकावून पाहिलं. आतली पानं पार धुऊन निघाली होती, कडूपणाचा वासही उरला नव्हता.

“सकाळी हा थर्मास मी भरून दिला तुला.”

“थंडी होती, सेन्यो.”

“एवढे वाटगे म्हणजे पाणी ओत, नळी तोंडात धर, पुन्हा ओत. दोन्ही हात गुंतलेले. आणि डोळे कुठे?”

ब्राउलियोने मान खाली घातली. “वाटग्यात.”

“मग पाहिलंस काय?”

“काही नाही. भोंगा ऐकून वळलो, तर धुरकट उजेडात एक शीड दिसलं. लुदमिला म्हणाली आनाई, मला तेच बरं वाटलं. नाहीतर सगळे विचारणार, तू होतास कुठे?” तो हळूच म्हणाला, “नोकरी जाईल माझी.”

“त्याचं नंतर बघू. पण ज्या पोरीची होडी जाणार होती तिची माफी तूच मागायची. आजच.”

एक साक्षीदार गळला. पण साक्षीदार गळल्याने आनाई निर्दोष ठरत नव्हती. दोन मुलं अजून तिच्यावर बोट दाखवत होती, आणि मुलं एकदा खोट्यावर अडून बसली की प्रश्न विचारून हलत नाहीत. चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंना हे ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी प्रश्न विचारायचंच सोडून दिलं.

४

जेवणघरातल्या लांब टेबलाच्या चार कोपऱ्यांना त्यांनी चौघांना बसवलं. प्रत्येकापुढे एक कोरा कागद, मधोमध रंगीत खडूंचा डबा, आणि तोर्ता फ्रिताची परात.

“जहाज काढा,” सेन्यो म्हणाल्या.

“कशाला?” लुदमिलाच्या कपाळाला आठी पडली. “आम्ही काय बालवाडीत आहोत?”

“मी म्हातारी काठावर बसले होते. मला जहाज दिसलंच नाही. तुम्हाला दिसलं तसं मला दाखवा. एकमेकांचं बघायचं नाही.”

“मला चित्रं येत नाहीत,” फाउस्तो कुरकुरला.

“मलाही स्वयंपाक येत नाही, तरी तू चौथी भाकरी खातोयस.”

आनाईला हसू फुटलं. फाउस्तो मात्र चिडून खडूशी झटू लागला. थोड्या वेळाने तो कागदाकडे बघतच पुटपुटला, “सुकाणू कधीच देत नाही ती. लुदमिलाबरोबर असताना निदान परतताना तरी मिळायचं.”

सेन्योंनी ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही.

लुदमिला पट्टी घेऊन सरळ रेघा मारत होती. मधूनच तिची नजर आनाईच्या कागदाकडे जाई, मग आनाईच्या हाताकडे, मग सेन्यो आनाईच्या जरा जवळ उभ्या आहेत की काय, इकडे. सिरोने बराच वेळ खडूला हात लावला नाही. मग एकदम काळा खडू उचलला आणि असा दाबून फिरवला की तो मोडला.

चारही चित्रं झाली. सेन्योंनी ती भिंतीवर ओळीने टाचली आणि मागे सरकून पाहिली.

शेवटच्या चित्रापाशी त्या पुन्हा जवळ गेल्या.

५

“मुलांनो, इकडे या,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांनी शाळेतल्यासारखाच ठेवला. “ही चित्रं वाचायला शिकू. ब्राउलियो, तूही ये.

“हे जहाज नदीतून वरच्या अंगाला चाललं होतं, रिकामं, धान्य भरायला. आपल्या काठाकडून बघणाऱ्याला ते डावीकडे जाताना दिसणार. वाट ओलांडून पलीकडे गेलेल्याला उजवीकडे जाताना. आता आनाईचं जहाज बघा. टोक उजवीकडे. फाउस्तोचं?”

“उजवीकडे,” सिरो सोडून सगळे म्हणाले.

“माझी सवयच आहे तशी काढायची!” फाउस्तो घाईने बोलला.

“असेल. म्हणून मी दिशेवर विसंबत नाही. मला सांग, तुझं जहाज एवढंसं का? माझ्या अंगठ्याखाली झाकलं जातं. त्याच्या पाठीवरच्या उंच घराच्या खिडक्यासुद्धा तू मोजून काढल्यास. डोक्यावर आलेलं जहाज इतकं चिमुकलं असतं होय?”

फाउस्तोचे कान लाल झाले होते.

“तू आणि आनाई खूप लांब होतात. पलीकडे, सुखरूप. तिने सांगितलं तसंच.”

“मला फक्त…” फाउस्तो भिंतीकडे बघत म्हणाला. “ती बाद झाली असती तर सुकाणू मला मिळालं असतं. सगळे तिलाच आनाई, आनाई करतात. मी त्या होडीत आहे हे कोणाच्या लक्षातसुद्धा नसतं.”

“मला विचारायचंस ना, मूर्खा,” आनाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती ओरडली नाही. “मला वाटायचं तुला भीती वाटते.”

“आता लुदमिलाचं,” सेन्यो पुढे सरकल्या. “टोक डावीकडे. एक पूर्ण बाजू, सुबक. काठाकडच्या बोयाशी थांबलेल्या मुलीला दिसेल तसंच.”

“मी सांगतच होते,” लुदमिला म्हणाली. पण तिने टेबलाची कड घट्ट धरली होती.

“आणि हे सिरोचं. लुदमिला, तुम्ही दोघं एकाच होडीत होतात ना?”

“हो.”

“मग एका होडीतल्या दोघांना दोन वेगळी जहाजं कशी दिसली?”

सिरोच्या कागदावर बाजू नव्हतीच. वरपासून खालपर्यंत एक काळा उभा डोंगर. त्यावर दोन बाजूंना दोन डोळे. खाली पाण्यातून वर आलेलं लाल गोल नाक.

“हे राक्षस आहे, जहाज नाही,” ब्राउलियो म्हणाला.

“जहाजच आहे. माझा नवरा असल्याच जहाजांवर असायचा. हे डोळे म्हणजे नांगर. एक नांगर या गालावर, एक त्या गालावर. बाजूला उभं राहिलं तर एकच दिसतो. दोन्ही एकदम कोणाला दिसतील?”

आनाईने उत्तर दिलं, अगदी हळू. “जो बरोब्बर समोर आहे त्याला.”

“आणि हे नाक रिकाम्या जहाजाचंच पाण्याबाहेर येतं. सिरोने मनाने काढलेलं नाही.” सेन्योंनी कागदावर बोट टेकवलं. “पण मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. या चित्रात काय नाही ते बघा.”

सगळे कागदाजवळ सरकले.

“खिडक्या,” फाउस्तो म्हणाला.

“खिडक्या. सुकाणू धरणारी माणसं त्या खिडक्यांच्या मागे असतात, जहाजाच्या शेपटाकडे. तुम्ही खूप जवळ गेलात की जहाजाचं उंच नाक त्यांच्या आणि तुमच्या मध्ये येतं. तुम्हाला खिडक्या दिसत नाहीत तेव्हा खिडक्यांतल्या माणसालाही तुम्ही दिसत नाही. ‘मला दिसेनाशीच झाली,’ असं म्हणत होता बिचारा. त्याला वाटलं, पोरं खाली गेली.”

परातीवर एक माशी फिरत होती.

६

“वारा जहाजाच्या मागून होता,” लुदमिला अखेर बोलली. ती कोणाकडेच बघत नव्हती. “मला वाटलं, जमेल. आनाई पलीकडे पोचली होती. जहाज जाईपर्यंत थांबले असते तर ती हाताला लागलीच नसती. म्हणून घुसले. आणि जहाज जवळ आलं तसा त्याने आमचा वारा अडवला. शीड मलूल पडलं. एकदम. सिरो वल्हं मारत होता, मी नुसती… मी नुसती सुकाणू हलवत बसले. मग त्याच्या नाकाशी फुगलेल्या लाटेने आम्हाला ढकललं, आपल्या काठाकडे. बाहेर पडलो तेव्हा मला दिसली ती बाजू मी काढली. ती खोटी नाहीये.”

“नाही. ती नंतरची आहे. आधीची तू काढली नाहीस.”

“आणि सिरोला म्हणालीस, बोलू नकोस?” ब्राउलियोने विचारलं.

“काही म्हणाले नाही. तो तेव्हापासून बोलतच नाहीये!” आता मात्र लुदमिला फुटली. “तुम्हाला काय, सेन्यो! मी तीन वर्षं पहिली आले. ती आली आणि सगळं तिचं झालं. प्रोफे तिच्या वळणाची वाहवा करतात. तुम्ही तिला त्या दिवशी गाठ शिकवत होतात, आणि हसत होतात. मला शिकवताना कधी हसलात? सांगा, कधी हसलात?”

सेन्योंनी तिला गाठी किती शिकवल्या होत्या, पण कधी हसल्याचं त्यांना आठवेना. हुशार मुलीला काय शिकवायचं, तिचं तिला येतं, असं म्हणून त्या दुसऱ्या मुलांकडे वळत आल्या होत्या.

“नाही हसले,” त्या म्हणाल्या. “ते माझं चुकलं, लुदमिला. आणि तुझं काय झालं ते त्या भिंतीवर आहे. दोन्ही खरं आहे. पहिल्याने दुसरं पुसलं जात नाही.”

“वर्षभर होडी नाही?”

“वर्षभर नाही.”

“आणि कोलोनियाला ती?”

“ती.”

लुदमिलाने आनाईकडे बघितलं. त्या बघण्यात सकाळचा मत्सर होताच, तो काही एका दुपारीत जाणारा नव्हता. आनाई मात्र तिच्याकडे बघत नव्हती. ती सिरोजवळ जाऊन बसली होती. तिने आपला कोरडा सदरा त्याच्या खांद्यावर टाकला होता, आणि तो कुडकुडायचा थांबला होता. आपल्या भावाला थंडी वाजते आहे हे लुदमिलाच्या आतापर्यंत ध्यानातही आलं नव्हतं.

ती उठली. सगळ्यांना वाटलं, ही आता दार आपटून जाणार. ब्राउलियो तर बाजूलाही झाला.

ती भिंतीपाशी गेली. स्वतःचं सुबक चित्र काढून तिने टेबलावर पालथं ठेवलं. मग सिरोचा कागद काढला, टेबलावर पसरला, आणि पट्टी न घेता, त्या लाल नाकाच्या अगदी खाली एक हिरवी होडी काढली. शेंगदाण्याएवढी. तिच्यावर पडलेलं शीड. आत दोन डोकी.

सिरोने मान उंच करून पाहिलं. डब्यात बोट घालून त्याने एक खडू हुडकला आणि टेबलावरून बहिणीकडे ढकलला. लाल.

“टोपी पाण्यात पडली,” तो म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं पहिलं वाक्य. “होडीत नको काढू. पाण्यात काढ.”

लुदमिलाने टोपी पाण्यात काढली. मग ती तो कागद घेऊन सगळ्यांच्या देखत ओट्यावर गेली, फळ्यावरचं ‘कालान्द्रिया बाद’ हाताने पुसलं, खडूने पांढऱ्या झालेल्या तळव्याने कागद तिथे धरून ठेवला, आणि मागे वळून म्हणाली,

“आनाई, टाचणी दे.”